जहाजाच्या पोटातला माणूस

सागरी साहित्य म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते त्यात आकाश असते, शीड असते, उसळती लाट असते आणि त्या लाटेकडे रोखून पाहणारा कप्तान असतो. या चित्रात एक उणीव आहे आणि ती लहान नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापारी जहाजाने शीड उतरवायला सुरुवात केली. तेव्हापासून ते वाऱ्यावर चालत नाही. खालच्या एका बंद, तप्त आणि कर्णकर्कश खोलीतून चालते. त्या खोलीतील माणसाला आकाश दिसत नाही, लाट दिसत नाही. जहाज थंड समुद्रातून उष्ण समुद्रात शिरले हेही त्याला कित्येकदा थंडाव्यासाठी आत घेतलेल्या पाण्याच्या तापमापकावरूनच कळते. सागरी साहित्याने या माणसाला कोणते स्थान दिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय आम्हांस ग्रंथालयात सुचलेला नाही. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मालवाहू जहाजावर तिसरा इंजिनियर आहे. मागील खेपेस तो सुट्टीवर आला असता जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’ ही दीर्घकथा आम्ही त्याला वाचावयास दिली. समुद्रावरच्या माणसाला समुद्रावरचे पुस्तक द्यावे, एवढाच आमचा साधा हिशेब होता. पंधरा दिवसांनी पुस्तक परत करताना तो म्हणाला, “फादर, गोष्ट चांगली आहे. पण वादळापेक्षा ते व्हेंटिलेटरचं भांडण मला जास्त खरं वाटलं.” थोडा वेळ थांबून त्याने आम्हांस विचारले, “सही करायची की नाही, असा प्रश्न कुठल्या पुस्तकात आहे का?”

पहिल्या वाक्यात एक मार्मिक समीक्षा होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. ते शोधण्याच्या निमित्ताने आम्ही काही जुनी पुस्तके पुन्हा वाचली.

ती वाचण्यापूर्वी एक कसोटी हाती हवी. साहित्यातील शेतकरी खरा की खोटा हे ज्याने नांगर पाहिला आहे तोच सांगू शकतो. तसेच येथेही आहे. जहाजाच्या यंत्रकक्षात चीफ इंजिनियर हा सर्वांत वरचा. त्याच्या खाली सेकंड, थर्ड आणि फोर्थ. त्यांच्याही खाली फिटर, मोटरमन, वायपर अशी माणसे. चीफ हा खात्याचा धनी. रोजचा कारभार प्रत्यक्षात चालवतो तो सेकंड. कोणते यंत्र आज उघडायचे, कोणी उघडायचे, बंदिस्त टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी तिथली हवा तपासली की नाही, हे सारे तो पाहतो. तिसऱ्याकडे बहुतेक जहाजांवर वीज निर्माण करणारी जनरेटर इंजिने व अनेकदा बॉयलर, तर चौथ्याकडे तेल शुद्ध करणारी प्युरिफायर यंत्रे, हवेचे कॉम्प्रेसर आणि पंप असतात. कंपनीगणिक ही वाटणी थोडीफार बदलते. जेथे पाळीने पहारा असतो तेथे बारा ते चार ही पाळी परंपरेने तिसऱ्याची, चार ते आठ सेकंडची आणि आठ ते बारा चौथ्याची, दिवसातून दोनदा. आज अनेक जहाजांचा यंत्रकक्ष रात्री निर्मनुष्य ठेवता येतो. तेथे पाळीऐवजी एकेका इंजिनियरवर चोवीस तासांची जबाबदारी येते आणि धोक्याची घंटा थेट त्याच्या उशाशी वाजते.

पहाऱ्यावर येणारा इंजिनियर नियत वेळेच्या आधी खाली उतरतो. तो प्रथम बोलत नाही, फिरतो. वरच्या मजल्यावरील बॉयलरपासून तळाच्या पत्र्यांपर्यंत, आणि तेथून मागे सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रापर्यंत. प्रत्येक सिलिंडरच्या धुराचे तापमान, वंगणतेलाचा दाब, थंड पाण्याची उष्णता, बिल्जमध्ये साठलेले पाणी, हे तो डोळ्यांनी वाचतो. आणि जे मापकावर येत नाही ते हाताच्या पंजाने व कानाने. जड इंधन थंडपणी डांबरासारखे असते. ते सुमारे एकशेतीस ते एकशेचाळीस अंशांपर्यंत तापवल्यावाचून इंजिनात फवारता येत नाही. अशा तेलाची एक नळी चिरली आणि फवारा तापलेल्या भागावर पडला की आग. क्रँककेसमध्ये तेलाचे धुके साठल्याची सूचना मिळाली तर इंजिनाची गती कमी करून माणसांना तेथून दूर न्यायचे, आणि आतला भाग निवेपर्यंत दार उघडायचे नाही. दार उघडून पाहण्याचा मोह अनावर असतो, आणि नेमक्या त्या वेळी आत शिरणारी हवा घात करते. १९४७ साली ‘रेना देल पॅसिफिको’ या जहाजाच्या चाचणीफेरीत क्रँककेसचा स्फोट होऊन अठ्ठावीस माणसे मरण पावली. असे नियम पाठ्यपुस्तकात येण्यापूर्वी कोणाच्या तरी शरीरावर लिहिले गेलेले असतात.

पहारा सोपवण्याचाही एक नियम आहे. पुढच्या पाळीचा माणूस काम करण्याच्या अवस्थेत नाही असे वाटले तर त्याच्या हाती पहारा द्यायचा नाही, वरिष्ठास कळवायचे. ‘एसटीसीडब्ल्यू’ हा खलाशांच्या प्रशिक्षणाचा व पहाऱ्याचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ चा. १९९५ व २०१० मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हाही दंडक त्याच परंपरेतला. हे सारे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे मर्म उमगते. मधल्या फळीच्या या माणसाचे जीवन पराक्रमाचे नसून दक्षतेचे असते. तो आज्ञा घेतो आणि आज्ञा देतो. वरच्याचा हुकूम आणि खालच्याचा जीव या दोहोंच्या मध्ये तो उभा असतो. आता ही कसोटी घेऊन पुस्तकांकडे वळू.

रडयार्ड किपलिंग यांचे ‘मॅकअँड्र्यूज हिम’ हे दीर्घ स्वगतकाव्य १८९४ साली प्रसिद्ध झाले. एक वृद्ध स्कॉटिश चीफ इंजिनियर रात्रीच्या पहाऱ्यावर एकटा उभा आहे आणि आपल्या इंजिनांच्या साक्षीने ईश्वराशी बोलत आहे. वाफेमुळे समुद्रावरचे काव्य हरवले असे नाही का वाटत, असे एका उमराव प्रवाशाने त्याला विचारलेले आहे, आणि तो प्रश्न त्याच्या मनात सलतो आहे. वाफेचे गाणे गाणारा एखादा बर्न्स का जन्मू नये, असे त्याला वाटते. यंत्रकक्षात काव्य आहे हे इंग्रजी साहित्यात इतक्या ठसठशीतपणे सांगणारी ही कविता. तिचे हे श्रेय आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. यंत्राचे शब्द तिने ओवीत यावेत तसे छंदात आणले.

परंतु मॅकअँड्र्यू कॅल्व्हिनपंथी आहे. एका दांड्याला दुसरा दांडा जोडलेला, प्रत्येकाची गती आधीच ठरलेली. त्याला या यंत्ररचनेत ईश्वराच्या पूर्वनियोजनाचे रूप दिसते. येथे आमचे मतभेद आहेत, आणि ते केवळ धर्मशास्त्राचे नाहीत. ते वाङ्मयीनही आहेत. किपलिंग यांच्या कवितेतील यंत्र निर्दोष आहे, ते स्तोत्र गाते. आमच्या तरुण मित्राचे यंत्र सतत झिजत असते, गळत असते, काही ना काही मागत असते. ते आपोआप ठीक चालले असते तर त्याची तेथे गरजच नव्हती. यंत्राची गती पूर्वनियोजित असेलही. त्याच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाची कृती पूर्वनियोजित नाही. तो दुर्लक्ष करू शकतो, खोटे लिहू शकतो, झोपू शकतो; आणि यांपैकी काहीही न करण्याचे स्वातंत्र्यही त्याला आहे. किपलिंग यांनी यंत्राला आत्मा दिला, परंतु त्या भरात इंजिनियरला यंत्राचा पुजारी करून टाकले. पुजाऱ्यापाशी निर्णय उरत नाही.

कॉनरॅड यांची ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी १९०० सालची. तीमागे एक सत्य घटना आहे. १८८० साली नऊशेहून अधिक हजयात्रेकरूंना घेऊन निघालेले ‘जेद्दा’ हे जहाज बुडणार असे समजून कप्तान आणि अधिकारी ते सोडून पळाले. जहाज मात्र बुडाले नाही, ते ओढून एडनला आणण्यात आले. कादंबरीतील ‘पाटणा’ जहाजावर चीफ आणि सेकंड हे दोघेही इंजिनियर पळणाऱ्यांत आहेत. सेकंडला चीफने दारू पाजलेली आहे. तो बढाया मारतो आहे. तिसऱ्याच्या जागी काम करणारा जॉर्ज हा दुबळ्या हृदयाचा माणूस पळापळीतच मरून पडतो, आणि त्याला उद्देशून खालच्या होडीतून मारलेल्या हाका ऐकत जिम उडी टाकतो.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात नांगर टाकण्याच्या मिषाने होडी उतरवून पळू पाहणारे खलाशी आमच्या वाचकांस परिचित आहेत. पळपुटेपणा हा समुद्राइतकाच जुना आहे, आणि लेखकाने तो दाखवावा यात गैर काही नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. जिमच्या एका उडीचे मनोविश्लेषण करण्यासाठी कॉनरॅड शेकडो पृष्ठे खर्च करतात. इंजिनियरांच्या उडीस मात्र विश्लेषणाची गरजच भासत नाही. ते मुळात तसलेच, असे जणू गृहीत आहे. डेकवरच्या माणसाचे पाप शोकांतिका ठरते, यंत्रकक्षातल्या माणसाचे पाप विनोद ठरते. याचे कारण लेखकाच्या चरित्रात सापडते. कॉनरॅड यांनी १८८६ साली कप्तानपदाचे प्रमाणपत्र मिळवले होते. ते जन्मभर ब्रिजवरून खाली पाहणारे लेखक होते, आणि त्यांच्या काळी डेक आणि यंत्रकक्ष ही एकाच जहाजावरची दोन गावे होती.

यूजीन ओ’नील हे स्वतः खलाशी म्हणून जहाजांवर राबलेले नाटककार. त्यांच्या ‘द हेअरी एप’ (१९२२) या नाटकाचा नायक यँक हा भट्टीत कोळसा ओढणारा आगवाला आहे. भट्टीपाशी राबणाऱ्या वर्गाचा एवढा प्रखर उच्चार रंगभूमीवर क्वचितच झाला असेल. पण याच नाटकात सेकंड इंजिनियर कसा येतो ते पाहा. पोलादसम्राटाची कन्या मिल्ड्रेड हिला गरिबांचे जीवन ‘पाहायचे’ आहे. तिला भट्टीखान्यात घेऊन जाण्यासाठी तो येतो. तिचा पांढरा पोशाख खाली तेलाने व काजळीने माखेल, अशी सूचना तो अदबीने करतो. सोबतीला फोर्थही असतो. पुढच्या प्रवेशात भट्टीपाशी यँकला वरच्या अंधारातून एका इंजिनियरची शिट्टी ऐकू येते, आणि तो शिट्टी वाजवणाऱ्याला शिव्या घालतो.

वरून पाहिले तर वाटाड्या आणि खालून पाहिले तर शिट्टी, एवढेच या माणसाचे अस्तित्व. ओ’नील यांना भांडवलदार दिसला आणि श्रमिक दिसला. मधला माणूस त्यांच्या मांडणीत बसत नव्हता, म्हणून त्याला चेहरा मिळाला नाही. पुष्कळशा पुरोगामी साहित्याची ही मर्यादा आहे. त्याला दोन टोके हवी असतात. मधल्या पायरीवर होणारी माणसाची ओढाताण त्याला नाट्यमय वाटत नाही.

आता ‘टायफून’. १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या या कथेत तेच कॉनरॅड, पण थोडे खाली वाकून पाहणारे. ‘नानशान’ जहाज चिनी मजुरांना घेऊन चालले आहे, वायुभारमापक उतरतो आहे, वारा पडला आहे. भट्टीखान्यात हवा खेळत नाही, माणसे कोसळताहेत, वाफेचा दाब घसरतो आहे. कोळशाने काळा झालेला सेकंड इंजिनियर वर येतो आणि व्हेंटिलेटरची तोंडे वाऱ्याकडे वळवण्यावरून मेट ज्यूक्स याच्याशी कडाकडा भांडतो. तुमच्या खलाशांना एवढेही होत नाही का, हा त्याचा सवाल. अखेर तो स्वतःच ती अवजड तोंडे फिरवू लागतो. कप्तान मॅकव्हिर यांच्या कानी यातील काय पडते? सेकंडच्या शिव्या. असे बोलणाऱ्या माणसाला पहिल्या संधीस काढावे लागेल, असे ते म्हणतात. उष्म्यामुळे तसे होते, अशी रदबदली ज्यूक्सला करावी लागते.

आमच्या तरुण मित्राला हेच भांडण वादळापेक्षा खरे वाटले. पुन्हा वाचताना आम्हांसही त्याचे म्हणणे पटले. वादळाची वर्णने भव्य आहेत. तथापि या दीड-दोन पृष्ठांत जहाजाचे सारे समाजशास्त्र आहे. खाली माणसे गुदमरतात, मधला माणूस वर येऊन हवा मागतो, आणि वरच्याला केवळ त्याची भाषा खटकते. गाऱ्हाण्यातला मजकूर न ऐकता गाऱ्हाण्याचा सूर तपासण्याची ही सवय केवळ कप्तानांनाच असते असे नाही. ती कचेऱ्यांत असते, घराघरांत असते, आणि आम्हा धर्मगुरूंच्या कार्यालयातही असते, हे कबूल करणे भाग आहे.

वादळ फुटल्यावर चीफ सॉलोमन राउट इंजिनाच्या झडपेवर डोळा ठेवून उभा राहतो. लाटेवर मागचा भाग उचलला गेला की पंखा पाण्याबाहेर मोकळा फिरू लागतो. त्या क्षणी वाफ आवरायची, पुन्हा सोडायची. पलीकडे भट्टीपाशी वाफ टिकवून धरण्याची झुंज तो शिवराळ सेकंड देत असतो. ज्याला काढून टाकण्याची गोष्ट झाली त्याच्याच श्रमावर कप्तानाचे जहाज तगते. कॉनरॅड यावर भाष्य करीत नाहीत, आणि हा संयमच या कथेचा मोठेपणा आहे. आमच्या मते यंत्रकक्षाला न्याय देण्याच्या कामी ‘टायफून’ ही ‘लॉर्ड जिम’पेक्षा सरस आहे, जरी कादंबरी म्हणून ‘लॉर्ड जिम’चा आवाका मोठा असला तरी.

असे असूनही ‘टायफून’ आम्हांस पुरेशी वाटत नाही. तिलाही अखेर वादळ लागते. साहित्याला माणसाची परीक्षा घ्यायची झाली की ते वारा सोडते. आमच्या मित्राच्या प्रश्नात मात्र वारा नव्हता. २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘दाली’ या अजस्र जहाजाची वीज गेली, ते पुलाच्या खांबावर आदळले, पूल कोसळला आणि पुलावर काम करणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले. जहाजावरचे बहुतांश कर्मचारी भारतीय होते. वादळ नव्हते. अमेरिकी तपास यंत्रणेचा निष्कर्ष पुढील वर्षी आला तो असा की एका वायरीवरील नावाची पट्टी नीट न बसवल्यामुळे ती वायर जोडणीत घट्ट बसलेली नव्हती. सागरी साहित्याने लाटेचे सौंदर्य शोधण्यात शंभर वर्षे घालवली. एका सैल वायरीचे गांभीर्य सांगणारी भाषा त्याने अद्याप घडवलेली नाही.

लोकस्मृतीही साहित्याप्रमाणेच पक्षपाती असते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाले त्या रात्री अखेरपर्यंत वाजत राहिलेला वाद्यवृंद सर्वांना ठाऊक आहे. जहाज नाहीसे होण्याच्या काही मिनिटे आधीपर्यंत दिवे जळत होते, ते कोणामुळे, हे फारसे कोणी विचारीत नाही. त्या जहाजाच्या इंजिनियरांपैकी एकही वाचला नाही. साऊथॅम्प्टन येथे १९१४ साली त्यांचे स्मारक उभारले गेले, लिव्हरपूललाही आहे. पण चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्या कोट्यवधींना वाद्ये आठवतात, दिवे आठवत नाहीत.

आता सहीचा प्रश्न. आमच्या मित्राच्या अनुमतीने, आणि त्याची ओळख राखून, एवढे सांगतो. यंत्रकक्षाच्या तळाशी तेलमिश्रित पाणी साठते. ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार ते यंत्रातून गाळून, तेलाचे प्रमाण दशलक्षात पंधरा भागांहून अधिक नसेल तरच समुद्रात सोडता येते. एरव्ही बंदरात उतरवावे लागते. प्रत्येक क्रियेची नोंद ‘ऑइल रेकॉर्ड बुक’मध्ये करायची, ती करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्याखाली सही करायची, आणि भरलेल्या पानावर कप्तानाने. एका जहाजावर हे गाळणयंत्र बिघडले होते. बंदरात पाणी उतरवण्यास खर्च येतो. वरिष्ठांनी सुचवले की रात्री एक नळी जोडून पाणी बाहेर काढावे आणि वहीत नेहमीप्रमाणे लिहावे. खलाशी या नळीला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. अशा प्रकरणांत अमेरिकेच्या न्यायालयांनी कंपन्यांना जबर दंड केलेले आहेत, आणि माहिती देणाऱ्यास दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम देण्याची तरतूद तेथील कायद्यात आहे. परंतु मध्यरात्री, भर समुद्रात, पंचविशीतल्या मुलाच्या हाती कायदा नसतो, पेन असते.

त्याने नकाराचे भाषण केले नाही. “सर, दोन दिवस द्या, मी सेपरेटर दुरुस्त करतो,” एवढेच तो म्हणाला. आपला पहारा संपल्यावर विश्रांतीच्या तासांत त्याने ते यंत्र उघडले, घाण उपसली, गाळण्या बदलल्या, आणि ते चालू केले. नळी जोडली गेली नाही. खोटी ओळ लिहिली गेली नाही. मात्र करार संपताना त्याच्या कामाच्या अहवालात तो वरिष्ठांशी जुळवून घेत नाही असा शेरा आला, आणि पुढील आठ महिने त्याला बोलावणे आले नाही.

ते आठ महिने तो आमच्या डोळ्यांदेखत गावात होता. कर्ज काढून घेतलेले शिक्षण, अर्धवट बांधलेले घर, आणि “अजून गेला नाहीस का रे?” असे विचारणारे शेजारी. आम्हीही त्याला एकदा मिस्सानंतर थांबवून सांगितले होते की बाळा, नोकरीत वरिष्ठांचे ऐकून राहावे. तो फक्त “हो, फादर,” म्हणाला होता. कप्तान मॅकव्हिर यांना भाषेवरून सेकंडचा निवाडा करताना वाचून आम्ही मनात हसलो होतो. तो हसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, हे पुस्तक परत आले त्या संध्याकाळी कळले.

म्हणून त्याच्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर असे: आम्ही जी पुस्तके वाचली त्यांत तो प्रश्न नाही. किपलिंग यांच्याकडे निष्ठा आहे, पण दडपण नाही. ‘लॉर्ड जिम’मध्ये पतन आहे, पण ते डेकवरच्या माणसाचे. ओ’नील यांच्याकडे अन्याय आहे, पण मधला माणूस नाही. ‘टायफून’मध्ये मधला माणूस आहे, त्याचे श्रम आहेत, त्याचा अपमानही आहे, पण त्याच्यापुढे पर्याय ठेवलेला नाही. वादळात पर्याय नसतोच, लढावेच लागते. पर्याय असतो तो शांत समुद्रात, उघड्या वहीपुढे. हे कथानक लहान नाही. तेथे साक्षीदार नाही, टाळ्या नाहीत, आणि योग्य वागण्याचे बक्षीस म्हणून बेकारी मिळू शकते. शोकांतिकेला लागणारे सारे काही त्यात आहे. फक्त लाट नाही.

हे कोणी लिहावे? विल्यम मॅकफी हे इंग्रजी कादंबरीकार स्वतः सागरी इंजिनियर होते; ‘कॅज्युअल्स ऑफ द सी’ (१९१६) ही त्यांची कादंबरी. म्हणजे यंत्रकक्षातून लेखक निघू शकतो. वाफेच्या जहाजांच्या काळात कोकणातले खलाशी डेकवर, सिल्हेटचे आगवाले भट्टीपाशी आणि गोव्याचे बटलर व स्वयंपाकी सलूनमध्ये अशी हिंदी खलाशांची ढोबळ वाटणी असे. इंजिनियर बहुधा ब्रिटिश. सारंग, टिंडल, आगवाला, तेलवाला हे शब्द त्या जहाजांवर नित्याचे होते. १९४९ साली कलकत्ता आणि मुंबई येथे सागरी अभियांत्रिकीचे शासकीय प्रशिक्षण सुरू झाले आणि आपली मुले हळूहळू त्या मधल्या पायऱ्यांवर चढली. ज्या किनाऱ्याने इतकी माणसे जहाजांवर पाठवली त्या किनाऱ्याच्या भाषेत यंत्रकक्षावरची एकही कादंबरी आमच्या वाचनात नाही. आमच्या घरांत जहाजावरच्या मुलाचे फोटो असतात, पगाराचे आकडे असतात, आणलेल्या वस्तू असतात. त्याच्या कामाचे वर्णन नसते. आपण त्याला विचारीत नाही, म्हणून तो सांगत नाही.

शब्दांची अडचण सांगितली जाईल. प्युरिफायरला, सेपरेटरला, बिल्जला मराठीत काय म्हणावे? आमचे उत्तर असे की तो जे म्हणतो तेच म्हणावे. शेतीचे शब्द शेतकऱ्याने दिले, होडीचे कोळ्याने. यंत्रकक्षाचे शब्द तेथे उभा राहणारा देईल. साहित्याने ते सन्मानाने स्वीकारावेत एवढेच. कथा सुंदर नसली तरी चालेल. बारा ते चारचा पहारा आधी जसा आहे तसा कागदावर येऊ द्या.

आमचा मित्र पुन्हा जहाजावर गेला आहे. दुसऱ्या कंपनीने त्याला घेतले. सेकंडच्या पदासाठी लागणाऱ्या परीक्षेची पुस्तके त्याने सोबत नेली, आणि आमच्या आग्रहावरून दोनशे पानांची एक कोरी वहीही. या वहीत कोणाच्याही दडपणाखाली सही करायची नाही, असे आम्ही त्याला गमतीने म्हटले. तो हसला नाही. “फादर, लिहायला वेळ मिळाला तर,” एवढेच म्हणाला. आता जहाजावरचा कोणी मुलगा सुट्टीवर येऊन भेटला की कोणते देश पाहिलेस, हा आमचा जुना प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. तुझा पहारा कितीचा, असे विचारतो. आणि मग थोडा वेळ गप्प बसतो.